सर्वानुमते मंजूर!

"विषय क्रमांक चार. कोणाला काही विचारावयाचे आहे काय? नाही ना? मग सर्वानुमते मंजूर. विषय क्रमांक पाच."

हे शब्द ज्याच्या कानांवरून कधीच गेले नाहीत असा शहरातला मराठी माणूस शोधून सापडावयाचा नाही. गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सभा घ्या, पतपेढीची घ्या, शाळेतली पालकसभा घ्या, नाही तर गणेशोत्सव मंडळाची घ्या. 'कोणाला काही विचारावयाचे आहे काय' आणि 'नाही ना' या दोन वाक्यांच्या मध्ये जेमतेम एक श्वास घेण्याइतकी उसंत असते. तेवढ्यात ज्याला हात वर करता येईल तो वीरच म्हणावयाचा!

मी अशा वीरांपैकी नव्हे. माझे काम निराळे होते. नोकरीच्या ३४ वर्षांत मी कचेरीतल्या, पतपेढीतल्या आणि पुढे आमच्या पुण्याच्या गृहनिर्माण संस्थेतल्या सभांची इतिवृत्ते लिहीत आलो. इतिवृत्त लिहिणाऱ्याला बोलावयाचे नसते, त्यामुळे त्याला पाहावयास पुष्कळ सवड मिळते. कोण बोलले त्याच्या नावापुढे वहीच्या समासात बारीक टिंब द्यावयाची मला सवय लागली. शंभर माणसांची सभा असो की तीस माणसांची, टिंबे पाचसहा नावांपुढेच पडत. आणि वर्षानुवर्षे ती नावेही तीच असत. बरे, बाकीच्यांना काही सांगावयाचे नसे असे मुळीच नव्हे. सभा संपून चहाचा कप हाती आला, की तीच माणसे जिन्यात उभी राहून तावातावाने बोलत. पाण्याच्या टाकीचा हिशेब जिन्यात निघे, रखवालदाराच्या पगाराचा प्रश्न जिन्यात निघे. माझी वही मात्र तोपर्यंत मिटलेली असे.

अमेरिकेत हॅरिसन ओवेन नावाच्या गृहस्थांनी अशीच एक मोठी परिषद वर्षभर खपून भरवली होती. परिषद पार पडल्यावर त्यांच्या ध्यानात आले की लोकांना सर्वांत आवडली ती मधली चहा-कॉफीची सुट्टी! त्यावरून त्यांनी १९८५ च्या सुमारास परिषदेची एक नवी तऱ्हा काढली. आधी ठरवलेले वक्ते नाहीत, व्यासपीठ नाही. माणसे वर्तुळात बसावयाची, ज्याला ज्या विषयाची कळकळ असेल त्याने तो कागदावर लिहून भिंतीवर लावावयाचा आणि ज्यांना त्यात गोडी असेल त्यांनी त्याच्याभोवती जमावयाचे. जिथे आपण काही शिकत नाही आणि काही देतही नाही, तिथून उठून दुसरीकडे जावे, असा त्यांचा नियम होता; त्याला ते 'दोन पायांचा नियम' म्हणत. आपल्याकडे हा नियम फार जुना आहे, फक्त आपले पाय दुसऱ्या गटाकडे न जाता घराकडे वळतात.

विनोद सोडा. सभेत लोक बोलत नाहीत याचे खापर आपण लोकांवरच फोडतो. 'आपल्या माणसांत धिटाई नाही', 'बायकांना सभेची सवय नाही', 'खेड्यातल्या माणसाला काय समजते?' वहीतली टिंबे मोजून माझे मत उलटे झाले आहे. सभेत कोण बोलणार हे सभा सुरू होण्यापूर्वीच, खुर्च्या मांडणाऱ्याने आणि वेळ ठरवणाऱ्याने ठरवून टाकलेले असते. एका बाजूला उंच व्यासपीठ, त्यावर टेबल, टेबलावर पुष्पगुच्छ, पुढे ध्वनिक्षेपक आणि समोर पाठीला पाठ लावून ओळीने बसलेली माणसे. अशा मांडणीत समोरच्याने ऐकावे हेच अपेक्षित असते. आपले परिसंवाद आठवा. दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, पाच वक्त्यांची प्रत्येकी वीस मिनिटांची चाळीस मिनिटे, अध्यक्षीय समारोप, आणि मग 'वेळेअभावी प्रश्नोत्तरे घेता येत नाहीत याबद्दल दिलगिरी'. यात संवाद आला तो नावापुरता.

पूर्वी आपल्या लोकांनी याचा विचार केलेला होता. पुण्याची सार्वजनिक सभा २ एप्रिल १८७० रोजी स्थापन झाली. पर्वती संस्थानाच्या कारभाराबद्दल लोकांच्या तक्रारी होत्या, त्यातून तिचा उगम. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले 'सार्वजनिक काका', यांनी सभासदत्वाची अट अशी घातली की निदान पन्नास माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणील तोच सभासद. सुरुवातीच्या ९५ सभासदांच्या पाठीशी सुमारे ६,००० सह्या होत्या. म्हणजे सभेला येण्यापूर्वी प्रत्येकाला पन्नास घरांच्या ओसरीवर बसून 'तुमचे म्हणणे काय?' हे विचारावे लागे. सभेची निम्मी सभा अशी आधीच होऊन जाई. आणि पंधरा वर्षांनी, १८८५ साली, ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण आले तेव्हा जोतीराव फुल्यांनी पत्र लिहून ते नाकारले. ज्यांच्या हक्कांचा जिथे विचारच होत नाही त्यांनी त्या सभेत जाऊन काय करावे, असा त्या पत्राचा रोख होता. सभेला कोण आले याची नोंद सगळेच ठेवतात; कोण आले नाही आणि का, हा प्रश्न जोतीरावांनी सभा भरवणाऱ्यांच्या दारात आणून ठेवला.

हा प्रश्न मला पुरता उमगला तो पुण्यात नव्हे, आष्टीकडे.

आष्टी हे आमचे मूळ गाव. बीड जिल्ह्याच्या पश्चिम कडेचे हे तालुक्याचे ठिकाण; बाजारहाट, दवाखाना, कॉलेज यांसाठी माणसांची तोंडे नगरकडेच. २०२२ च्या सप्टेंबरात नगरहून आष्टीला आगगाडी आली, आणि तिथून पुढे बीडपर्यंत पोहोचावयास तिला आणखी तीन वर्षे लागली. नगरचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, पण एस.टी.तल्या म्हाताऱ्या अजून 'नगर'च म्हणतात. आष्टीत नगरपंचायत आहे. म्हणून ग्रामसभा पाहावयाची तर आसपासच्या एखाद्या खेड्यात जावे लागते. तशा एका खेड्यात माझा चुलतभाऊ शेती करतो. २०२३ च्या ऑगस्टात पावसाने पाठ फिरवली होती, बाजरी सुकत होती, आणि मी पंधरा दिवस त्याच्याकडे मुक्कामाला होतो. गावाचे नाव मी सांगत नाही. तिथल्या मंडळींना ते आवडणार नाही.

कायदा उत्तम आहे हे आधी सांगतो. वर्षातून निदान चार ग्रामसभा झाल्याच पाहिजेत. रूढीने त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास होतात. मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० यांतली जी संख्या कमी असेल तितकी हजेरी लागते. मुख्य ग्रामसभेच्या आधी बायकांची स्वतंत्र सभा घ्यावी, असेही कायदा सांगतो. कागदावर आणखी काय हवे?

आता या तारखा बीड जिल्ह्याच्या पंचांगाशेजारी ठेवून पाहा. या जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसे ऊस तोडावयास पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची टोळी निघते. नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. उचल त्या कोयत्यावर मिळते आणि हंगामभर ती फेडावी लागते. परत येणे होते ते मार्च-एप्रिलात. म्हणजे २६ जानेवारीच्या ग्रामसभेला ज्यांच्या घरांत म्हातारी माणसे तेवढी उरलेली असतात, त्यांच्याही नावाने ठराव 'सर्वानुमते' मंजूर होतात! दिल्लीत संचलन चालू असते तेव्हा हा मतदार कोल्हापूर-सांगलीकडच्या फडात मोळ्या बांधत असतो. तारीख ठरवणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हते. राष्ट्रीय सणाचा दिवस म्हणून ती धरली. पण तारीखही माणसे निवडते.

त्या गावची १५ ऑगस्टची सभा मी पाहिली. झेंडावंदन आटोपल्यावर, सकाळी दहाला. चावडीपुढे टेबल, सहा खुर्च्या, बाकीच्यांना सतरंजी. पुरुष सतरंजीवर, तरुण पोरे मोटारसायकलींवर, आणि बायका पलीकडच्या भिंतीच्या सावलीला उभ्या. बायकांची सभा आदल्या दिवशी झाल्याची नोंद होती. झाली ती कशी हे मी विचारले नाही. ग्रामसेवकाने (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) विषय वाचले. तोच श्वासभर विराम आणि तेच 'मंजूर'. मला पुण्याची आठवण झाली. फरक इतकाच की आमच्याकडे शेवटी सामोसा मिळतो.

इथे थोडे मागे जावयास हवे. हा मुलूख १९४८ च्या १७ सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता. परवानगीवाचून जाहीर सभा भरवण्यास तिथे बंदी होती. 'गश्ती निशाण ५३' या हुकमाचे नाव जुन्या मंडळींच्या तोंडी अगदी परवापरवापर्यंत होते. १९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले तोवर राजकारण्यांनाच नव्हे तर वाचनालय काढणाऱ्यांनाही जपून पावले टाकावी लागत. माझे आजोबा 'सभा' हा शब्द उच्चारताना आवाज उतरवीत, असे वडील सांगत. खुर्चीवर बसलेला विचारतो आणि उभा असलेला 'जी, जी' म्हणतो, ही कचेरीची रीत अशी मुरलेली. ती राज्य बदलले म्हणून एका पिढीत जात नाही. पण त्याच गावात एकादशीच्या रात्री मारुतीच्या देवळात भजनाला बसा. तिथे सगळे जमिनीवर, टाळ प्रत्येकाच्या हाती, चाल कुणीही धरावी आणि बाकीच्यांनी उचलावी. चावडीत तोंड न उघडणारा माणूस तिथे गळा मोकळा करून गातो. मग गप्प बसणे हा त्याचा स्वभाव म्हणावयाचा, की चावडीचा?

उत्तर मला आठवड्याभरातच मिळाले. गावच्या शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंना एक अडचण सोडवावयाची होती. ऊसतोडीला जाणाऱ्यांची मुले मागे राहून शिकावीत म्हणून गावोगाव 'हंगामी वसतिगृह' चालवतात. मुले आजी-आजोबांजवळ राहतात आणि त्यांच्या जेवणाची सोय शाळेत होते. त्यासाठी यादी करावयाची होती. बाईंनी 'सभा' हा शब्दच टाळला. निरोप असा धाडला, "भाकरी झाली की शाळेच्या पटांगणात बसू. लेकरांचं बोलायचं आहे. म्हातारीला अन् सुनेला घेऊन या." वेळ रात्री साडेआठची, चुली विझल्यावरची. खुर्ची एकही नाही. स्वतः बाई पायरीवरसुद्धा बसल्या नाहीत.

पटांगणात त्यांनी रांगोळीने गावाचा नकाशा काढला. मारुतीचे देऊळ, दोन हापसे, विहीर, शाळा, खालची आळी, वरची आळी, ओढ्यापलीकडची वस्ती. मग वाटीतले चिंचोके पुढे केले. ज्या घरातली जितकी लेकरे यंदा कोयत्याबरोबर जाणार, तितके चिंचोके त्या घरावर ठेवावयाचे. एवढेच.

पहिली पाच मिनिटे कुणी हलले नाही. बाईही बोलल्या नाहीत, आणि हे फार अवघड असते बरे का! आपल्यापैकी बहुतेकांना सभेतली शांतता दहा सेकंदही सोसवत नाही, लगेच आपण स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतो. अखेर एक सातआठ वर्षांची मुलगी उठली आणि तिने आपल्या घरावर तीन चिंचोके ठेवले. तिची आई ओरडली, "अगं, चार! बारकं धरलंच न्हाई तू!" सगळे हसले आणि नकाशाभोवती गर्दी झाली. "हितं आमचं घर न्हाई, हापश्याच्या अलीकडं हाय," म्हणून एका म्हातारीने बाईंचा नकाशा पुसून पुन्हा काढला. शाळेच्या यादीत २६ नावे होती. रांगोळीवर ४१ चिंचोके पडले. ओढ्यापलीकडची वस्ती यादीत जवळजवळ नव्हतीच.

मग बाईंनी आळीवार चारचार-पाचपाच जणांना बसवून आपापसात बोलावयास सांगितले. मोठ्या मेळ्यात जे जीभ उचलत नाही ते चौघांत बोलता येते. नंतर प्रत्येक गटातल्या सर्वांत लहान बाईमाणसाला त्यांनी आधी विचारले. यातले मर्म मला नंतर कळले. थोरला आधी बोलला की बाकीचे मान हलवतात. लष्करी न्यायालयात निकालाच्या वेळी सर्वांत कनिष्ठ अधिकाऱ्याचे मत आधी घेतात ते याचसाठी. वरिष्ठाचे मत कानी पडल्यावर कनिष्ठाचे मत त्याचे राहत नाही.

खालच्या आळीतली एक विशीतली सून पदर सावरून म्हणाली, "आमी जातो दिवाळी झाली की लगीच. वसतिगृह चालू व्हतं महिन्यानं. मदल्या महिन्याला लेकरू कुनापाशी ठिवावं? एकदा संगं गेलं की म्हागारी कोन आनून घालतंय?"

पटांगण चिडीचूप झाले. इतकी साधी गोष्ट! मुले जातात ती आईबापांना शिक्षणाचे मोल नाही म्हणून, असे आपण शहरात बसून म्हणतो. इथे आडवा आला होता एक महिना, आणि तो महिना कुठल्याही सभेच्या वहीत नव्हता. पुढचा दीड तास त्या एका महिन्यावर गेला. कुणी म्हणाले, वरून पैसे येईपर्यंत थांबावेच लागेल. सरपंच नकाशाच्या कडेला उकिडवे बसले होते. ते म्हणाले, तोवर गावानेच चूल पेटवावी. जाणाऱ्या प्रत्येक घराने निघताना पायलीभर ज्वारी शाळेत ठेवावी, दोघी आजींनी रांधावे, आणि सरपण ज्यांच्या बांधावर बाभळी आहेत त्यांनी द्यावे, असे ठरले. कुणी हात वर केले नाहीत की 'मंजूर' म्हटले नाही. बाईंनी तिथल्या तिथे दिव्याखाली लिहून सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवले. दोन ठिकाणी लोकांनी दुरुस्ती सांगितली. इतिवृत्त लिहून झाल्याबरोबर ज्यांचे ते आहे त्यांना वाचून दाखवावे, हे माझ्या ३४ वर्षांत मी कधी पाहिले नव्हते.

सगळे काही सोन्याचे झाले असे समजू नका. त्या ४१ पैकी ९ मुले शेवटी फडावर गेलीच. त्यांतल्या बहुतेक मुली. खोपीत धाकटे भावंड सांभाळावयास कुणीतरी हवे असते, आणि त्याला ज्वारीच्या पायलीचे उत्तर नाही. पण ३२ राहिली.

महाराष्ट्रात असे प्रयोग मोठ्या प्रमाणावर झालेले आहेत. आष्टीहून नगरमार्गे गेले की पलीकडे हिवरे बाजार लागते. पोपटराव पवार १९८९ साली तिथे सरपंच झाले. त्या गावात पाऊस मोजून, विहिरींचे पाणी मोजून, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे ठेवतात आणि मग कोणती पिके घ्यावयाची ते ठरवतात. पिण्याचे पाणी आणि जनावरे आधी. माणसापुढे मोजलेली गोष्ट ठेवली की वाद माणसाशी होत नाही, आकड्याशी होतो. बाईंचे चिंचोके आणि हिवरे बाजारचे पर्जन्यमापक यांचे नाते मला इथे दिसते.

आणि गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा). देवाजी तोफा आणि त्यांच्या गावकऱ्यांनी, मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने, तिथे अशी रीत पाडली की ठराव बहुमताने करावयाचाच नाही. एकाचा जरी विरोध असला तरी विषय पुढच्या सभेवर जातो. त्याआधी अभ्यासगटात बसून माहिती घ्यावयाची. तिथे बाहेरचा माणूसही येऊ शकतो, निर्णय मात्र गावाचाच. आपल्याला वाटेल, अशाने काम कसे व्हावयाचे? याच गावाने २००९ साली अठराशेहून अधिक हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला, देशात अगदी पहिल्यांदा मिळवणाऱ्यांत. आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतः देण्याचा अधिकारही. 'सर्वानुमते' हा शब्द मी हजारो वेळा लिहिला असेन. त्याचा अर्थ शब्दशः घेणारे गाव आहे, हे कळल्यावर माझी लेखणी जरा अडखळू लागली आहे.

पुण्यास परतल्यावर आमच्या संस्थेच्या पुढच्या वार्षिक सभेत मी चिटणिसांना तीन गोष्टी सुचवल्या. सभा रविवारी सकाळी, ऐन स्वयंपाकाच्या वेळी नको, संध्याकाळी ठेवा. टेबल काढा आणि खुर्च्या गोल मांडा. हिशेब छापून वाटताच आहात, तर मजल्यागणिक दहा मिनिटे तो एकत्र बसून वाचू द्या आणि मग प्रत्येक मजल्याचा एकच प्रश्न घ्या. चिटणीस भला माणूस. म्हणाले, "काका, तुम्ही म्हणता तर एकदा करून पाहू. पण लांबेल हो."

लांबली. नेहमी पन्नास मिनिटांत उरकणारी सभा अडीच तास चालली. तळमजल्यावरचे एक गृहस्थ खुर्ची गोलात ठेवण्याच्या इतके विरुद्ध होते की ते शेवटपर्यंत दाराशी उभे राहिले. तिसऱ्या मजल्यावरच्या ज्या बाईंच्या नावापुढे माझ्या वहीत अकरा वर्षांत एक टिंब नव्हते, त्यांनी विचारले, की रखवालदार रात्री बारा तास बसतो त्याच्यासाठी शौचालय कुठे आहे? कुणालाच सांगता येईना. पाण्याच्या टाकीचा ठराव १७ विरुद्ध ९ असा मताला पडला. असे आमच्याकडे प्रथमच घडले. चिटणीस माझ्या खांद्यावरून वहीत डोकावले आणि हळूच म्हणाले, "काका, 'सर्वानुमते' तुम्ही सवयीने लिहून ठेवलं असेल तर खोडा बरं का."

लिहिलेले नव्हते.